खाडी म्हणजे समुद्र नव्हे : डेटा सेंटरच्या थंडाव्याविषयी एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ,
आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात डेटा सेंटर उभारणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : खारे पाणी वापरून डेटा सेंटर थंड ठेवण्याच्या कोणत्याही प्रस्तावाबाबत

महोदय, महोदया,

समुद्राचे पाणी आत घ्यायचे, यंत्रांतून फिरवायचे आणि परत समुद्रात सोडायचे, हे काम मी 31 वर्षे केले. किनाऱ्यावरच्या एका औष्णिक वीजकेंद्रात मी सीडब्ल्यू विभागात होतो. टर्बाइनमधून आलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरला थंड पाणी पुरवणारा हा विभाग. पंपघर, जाळ्या, क्लोरीन आणि गरम पाणी बाहेर नेणारा कालवा एवढे आमचे राज्य. निवृत्तीनंतर ऐरोलीला मुलाकडे राहायला आलो. सकाळी फिरायला बाहेर पडलो की एका बाजूला खाडी आणि कांदळवन दिसते, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीत उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरच्या इमारती. खिडक्या नसलेल्या, गच्चीवर पंख्यांच्या रांगा असलेल्या या इमारतींची संख्या दरवर्षी वाढते आहे. दोन्हींच्या मध्ये अंतर फार नाही, आणि एवढे पाणी समोर असताना ते वापरायचे का नाही, हा प्रश्न आता इथे सहज विचारला जातो. गप्पांत, चर्चासत्रांत, तरुण अभियंत्यांच्या बोलण्यात मी तो ऐकला आहे.

प्रस्ताव कागदावर येण्याआधीच मी हे पत्र लिहितो आहे. कागदावर आल्यानंतर पाइप कुठून जाईल एवढीच चर्चा उरते, हे मी नोकरीत पाहिले आहे.

समुद्राच्या पाण्याने यंत्रे थंड करण्याला माझा विरोध नाही. उलट मला ती पद्धत आवडते. पण ठाणे खाडीत ती करू नये, असे मला अनुभवावरून ठामपणे वाटते, आणि का ते मी सविस्तर सांगणार आहे.

आधी हिशेब मांडतो. संगणकात गेलेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. 100 मेगावॉटचे डेटा सेंटर म्हणजे जवळपास 100 मेगावॉटची शेगडी. ही उष्णता कूलिंग टॉवरमध्ये पाणी उडवून घालवायची ठरवली, तर पूर्ण भारावर रोज सुमारे 35 लाख लिटर पाण्याची वाफ होते. टॉवरमध्ये क्षार साचू नयेत म्हणून काढून टाकावे लागणारे पाणी त्यात धरलेले नाही. शहरात माणशी 135 लिटर हे प्रमाण धरले, तर हे 26 हजार माणसांचे पाणी झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योगांना पाणी येते ते बदलापूरजवळच्या बारवी धरणातून, आणि त्या धरणाची उंची वाढवताना कोणाची घरे आणि शेते पाण्याखाली गेली, ते बारवीच्या काठच्या माणसांना विचारावे. त्या पाण्याची वाफ करून आकाशात सोडणे मला पटत नाही. हवेवर चालणारे चिलर लावले तर पाणी वाचते, पण वीज जास्त लागते, आणि ती वीजही बहुधा कुठल्यातरी केंद्रात पाणी खाऊनच तयार होते. म्हणून एखादा अभियंता समुद्राकडे बोट दाखवतो तेव्हा त्याचे काही चुकत नाही.

आता त्याच 100 मेगावॉटसाठी खारे पाणी एकदाच फिरवून सोडायचे आणि त्याचे तापमान 7 अंशांनी वाढू द्यायचे असे धरू. सेकंदाला साडेतीन घनमीटर, दिवसाला सुमारे 30 कोटी लिटर पाणी लागेल. नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाची क्षमता दिवसाला 45 कोटी लिटर आहे, म्हणजे एका डेटा सेंटरच्या पाइपातून शहराच्या धरणाच्या दोन तृतीयांश एवढे पाणी रोज जाणार. ते संपत नाही, परत येते, हे खरे. पण जसे ते आत जाते, तसे परत येत नाही.

हा विषय आत्ताच का पुढे आला, याला कारण आहे. आपल्याकडचे समुद्राचे पाणी उन्हाळ्यात 30 अंशांच्या आसपास असते. थंड हवेवर चालणाऱ्या जुन्या सर्व्हरना त्याचा थेट उपयोग नव्हता, फार तर चिलरच्या कंडेन्सरला. पण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जे नवे सर्व्हर येत आहेत, त्यांच्या चिपला चिकटूनच पाणी फिरते, आणि ते पाणी 40 अंशांच्या आसपास असले तरी चालते. म्हणजे मुंबईचे कोमट खारे पाणीही एकाएकी कामाचे झाले. दोन पाणी न मिसळता उष्णता एकातून दुसऱ्यात नेणारा टायटॅनियमचा एक हीट एक्स्चेंजर मध्ये घातला की चिलरची गरज बरीच कमी होते. विजेची बचत मोठी आहे. कोणत्याही कंपनीच्या हिशेबनिसाला हे दिसणारच.

मग उदाहरणे पुढे केली जातील. फिनलंडमधल्या हामिना इथे गुगलने 2009 मध्ये कागदाची एक बंद गिरणी विकत घेतली आणि 2011 पासून तिथे फिनलंडच्या आखाताच्या पाण्याने डेटा सेंटर थंड ठेवले जाते. नॉर्वेत स्टॅव्हँगरजवळ नाटोच्या जुन्या दारूगोळा कोठारात एक डेटा सेंटर आहे, ते फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीच्या, खोलातले 8 अंशांचे पाणी घेते. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ 864 सर्व्हर असलेले एक नळकांडे समुद्रतळाशी नेऊन ठेवले आणि 2020 मध्ये ते वर काढले. पोर्तुगालमध्ये सिनेस इथे कोळशाचे वीजकेंद्र 2021 च्या जानेवारीत बंद झाले आणि त्याच्या समुद्रपाण्याच्या व्यवस्थेवर आता डेटा सेंटर उभे राहते आहे.

ही उदाहरणे चांगली आहेत, पण ती नीट वाचली पाहिजेत. हामिनात काय आहे? गिरणीसाठी दशकांपूर्वी खोदलेला बोगदा आधीच तयार होता. पाणी बर्फाळ प्रदेशातले. आणि परत सोडण्याआधी गरम पाण्यात ताजे थंड पाणी मिसळून त्याचे तापमान खाली आणले जाते. सिनेसला काय आहे? पुन्हा जुन्या केंद्राचेच तोंड. आत पाणी घेण्यासाठी किनारा नव्याने फोडलेला नाही, आणि समोर अटलांटिक महासागर उघडा पडलेला आहे. स्टॅव्हँगरला फ्योर्ड इतका खोल, की 100 मीटर खालून पाणी घेतले जाते. आपल्याकडे तसा खोल समुद्र जवळपास कुठेही नाही. मुंबईपासून 160 किलोमीटरवर मुंबई हायचे तेलक्षेत्र आहे, तिथेही पाण्याची खोली 75 मीटरच्या आसपास. आपला सागरी उंबरठा, म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्रतळ, सुमारे 300 किलोमीटर रुंद आणि उथळ आहे. थंड खोल पाणी आपल्या वाट्याला आलेलेच नाही.

आणि ठाणे खाडी तर समुद्रही नाही.

नकाशावर ती समुद्राचा एक हात दिसते. सुमारे 26 किलोमीटर लांब, मुंबई बंदराकडे रुंद आणि ठाण्याकडे निमुळती होत गेलेली. वरच्या टोकाला उल्हास नदीशी तिचा संबंध एका चिंचोळ्या वाटेने आहे, आणि तिकडून तिला धुऊन काढील असे पाणी पावसाळा सोडला तर येत नाही. ऐरोलीच्या पुलावर ओहोटीच्या वेळी उभे राहा. दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडलेला असतो आणि मधल्या पन्हाळीत तेवढे पाणी. सहा तासांनी भरती तेच पाणी परत वर आणते. थोडे नवे येते, पण बरेचसे तेच. उधाणाच्या दिवसांत, अमावस्या-पौर्णिमेला, पाण्याची उलथापालथ चांगली होते. भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी जागच्या जागी हलल्यासारखे वाटते. हे मला कोणत्याही अहवालातून कळलेले नाही. दिवे गावातल्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांनी मला हे समजावले आणि मग मी स्वतः काठावर उभे राहून पाहिले.

गरम पाणी अशा जागी सोडले तर काय होईल? ओहोटीला ते खाली जाईल आणि भरतीला परत येईल. पाणी घेणाऱ्या तोंडाशी सोडलेलेच पाणी पुन्हा येऊ लागले की ते आणखी गरम होऊन बाहेर पडते. आमच्या केंद्रात याला आम्ही रिसर्क्युलेशन म्हणायचो आणि त्याची आम्हाला फार धास्ती असे, कारण कंडेन्सरचा व्हॅक्यूम पडायचा आणि मेगावॉट कमी व्हायचे. मेगावॉट कमी झाले की लगेच फोन येत. पाण्यातल्या जिवांसाठी मात्र कधी फोन आला नाही.

उष्ण कटिबंधातले मासे आणि कोळंबी आधीच आपल्या सहनशक्तीच्या वरच्या टोकाजवळ जगत असतात. फिनलंडच्या 10 अंशांच्या पाण्यात 7 अंश वाढवले तर 17 होतात. ऐरोलीच्या मे महिन्यातल्या 30 अंशांत 7 वाढवले तर 37. शिवाय पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. या खाडीत आधीच दोन्ही काठांवरून सांडपाणी येते आणि तिच्या वरच्या भागात प्राणवायूची ओढाताण नेहमीची आहे. तिच्याकडे शिल्लक काही उरलेले नाही.

आता जाळ्यांविषयी. या भागावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण अहवालांत त्याला सहसा एक परिच्छेद मिळतो आणि मी त्याच्यासमोर आयुष्य काढले आहे.

समुद्राचे पाणी आत घेताना आधी लोखंडी गजांची चौकट असते, तिच्यात लाकडे, प्लास्टिक, तुटलेली जाळी अडकतात. त्यामागे फिरती जाळी असते, पट्ट्यासारखी वर-खाली फिरणारी. तिच्या भोकांपेक्षा मोठे जे काही असेल ते जाळीवर चिकटून वर येते, पाण्याच्या फवाऱ्याने धुतले जाते आणि एका टोपलीत पडते. आम्ही तिला कचऱ्याची टोपली म्हणायचो. तिच्यात असायचा जवळा, बोटाएवढी कोळंबी, बोयची पिल्ले, शिंगाळी, नखाएवढ्या चिंबोऱ्या. भोकांपेक्षा जे लहान असते, म्हणजे माशांची अंडी आणि नुकते जन्मलेले जीव, ते जाळीतून आरपार जाते. पंपाच्या पात्यांतून, क्लोरीनमधून, गरम नळ्यांतून फिरून बाहेर पडते. ते आम्हाला कधी दिसले नाही, म्हणून आम्ही ते कधी मोजलेही नाही.

टोपली रिकामी करायला कंत्राटी कामगार असत. त्यांतला एक जवळच्याच कोळीवाड्यातला होता. जमीन गेली, पाणी गेले, म्हणून त्याला हे काम मिळाले होते. एका जून महिन्यात, पहिल्या पावसानंतर, टोपली पांढरट पिल्लांनी काठोकाठ भरली. तो ती उचलेना. मी विचारले, काय झाले? तो म्हणाला, "साहेब, ह्या टोपलीन आमचा फुडचा मोसम हाय." मग त्याने ती उचलली आणि ठरलेल्या खड्ड्यात ओतली. दुसरे काय करणार होता? मीही काही करू शकलो नाही. पण ते वाक्य मला आजवर सोडून गेलेले नाही.

जूनची पहिली तारीख ते जुलैची शेवटची, असे 61 दिवस राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, ती याच पिल्लांसाठी. नारळी पौर्णिमा होईपर्यंत दर्यात जायचे नाही, ही कोळ्यांची जुनी रीत. 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, लहान मासे पकडू नयेत म्हणून माशांचे किमान आकारही ठरवून दिले. हे सगळे योग्यच झाले. पण पाण्याचा पंप पावसाळ्यातही तसाच चालतो, आणि तो किमान आकार पाहत नाही. डेटा सेंटरचा पंप तर एक मिनिटही थांबवता येत नाही. वीजकेंद्राचा संच वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी बंद होतो, तेवढी तरी खाडीला उसंत मिळते. इथे तीही नाही.

यात कंपन्यांच्याही काळजीचा एक मुद्दा आहे. ऑगस्ट 2025 मध्ये फ्रान्समधल्या ग्रावलीन अणुवीजकेंद्राच्या चार अणुभट्ट्या बंद पडल्या, कारण जाळ्यांत जेलीफिशचा थवा अडकला. 2013 मध्ये स्वीडनच्या ओस्कर्सहामला हेच झाले. कल्पाक्कमला समुद्राच्या पाण्याच्या बोगद्यात हिरव्या शिंपल्यांचे थर बसतात आणि ते काढण्यासाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. उष्ण पाण्यात शिंपले, बार्नेकल, शेवाळ फार वेगाने वाढतात. त्यांना रोखायला क्लोरीन लागतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात तो प्रतिलिटर अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा असा वीजकेंद्रांसाठी नियम आहे. पण जिवंत शिंपल्याला नळीत बसू न देणारे पाणी काठावरच्या कालवांना आणि तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांना मानवेल, असे कोणी समजू नये. आणि आपल्या खाडीत याशिवाय गाळ आहे, प्लास्टिक आहे, गणपतीनंतरचे निर्माल्य आहे. अखंड थंडावा हवा असलेल्या यंत्रांसाठी इतके बेभरवशाचे पाणी मी तरी सुचवणार नाही.

आता एक कबुली देतो. तीही या पत्राचे कारण आहे.

1998 च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने नियम केला, की समुद्राचे पाणी वापरणाऱ्या नव्या औष्णिक केंद्रांमुळे ज्या पाण्यात ते सोडले जाते त्याचे तापमान मूळ तापमानापेक्षा 7 अंशांहून जास्त वाढू नये. त्याच नियमात म्हटले होते, की नदी, तलाव किंवा धरणाचे पाणी घेणाऱ्या नव्या केंद्रांनी कूलिंग टॉवर बांधलाच पाहिजे. म्हणजे बंदिस्त पाण्यात गरम पाणी सरळ सोडायचे नाही, उघड्या समुद्राला तेवढी सवलत. नियमामागचा हा विचार मला पटतो.

पण 7 अंश मोजायचे कुठे? पंपघराशी आत येणारे पाणी आणि कालव्याच्या टोकाशी बाहेर जाणारे, या दोघांतला फरक? की कालव्यापासून 500 मीटरवर? पृष्ठभागावर की तळाशी? भरतीत की ओहोटीत? आमच्याकडे तापमापक कुठे बुडवायचा हे ठरवण्यावर आकडा ठरत असे. भरतीच्या वेळी कालव्याच्या तोंडाशी ताजे पाणी आत घुसते आणि तिथला आकडा आपोआप खाली येतो. मला भरतीला नोंद घ्यायला सांगितले जाई. मी ती घेत असे आणि रजिस्टरमध्ये सही करत असे. खोटा आकडा मी एकदाही लिहिला नाही. पण ओहोटीचा आकडाही लिहिला नाही. आज मी ते कबूल करतो, कारण तुम्ही ज्या अहवालांवर परवानग्या देता त्यांत असेच आकडे असू शकतात, आणि ते सगळे खरे असतील.

त्यामुळे माझे पहिले मागणे मोजमापाचे आहे. खाडीत किंवा खाडीच्या तोंडाशी खारे पाणी घेण्याचा वा सोडण्याचा कोणताही अर्ज आला, तर आधी पूर्ण एका वर्षाची नोंद मागा. उधाण आणि भांग, भरती आणि ओहोटी, पृष्ठभाग आणि तळ, पावसाळा आणि मे महिना. तीन महिन्यांची नोंद ग्राह्य धरू नका. आणि मोजणारा अर्जदाराच्या पगारावर नसावा. मोजणीच्या होडीत काठच्या कोळीवाड्यातली माणसे असावीत, कारण पन्हाळ कुठून कुठे सरकली हे त्यांनाच माहीत असते. नंतर केंद्र सुरू झाले तर तापमानाचा आकडा दर तासाला, मराठीत, कोणालाही पाहता येईल असा असावा.

दुसरी गोष्ट कायद्यातल्या फटीची. डेटा सेंटरला आज पर्यावरण परवानगी लागते ती मुख्यतः बांधकाम म्हणून, चटईक्षेत्र पाहून. बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीची अट नाही. वीजकेंद्र आले तर किमान मांडवात बसून लोकांना बोलता येते. त्याहून कमी उष्णता सोडणारे असले तरी डेटा सेंटर हे उष्णता सोडणारे यंत्रच आहे, आणि ज्या दिवशी ते खाडीतून पाणी घेईल त्या दिवशी ते इमारत राहत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) 2019 च्या अधिसूचनेनुसार समुद्रपाण्याच्या पाइपांचा प्रस्ताव शिफारशीसाठी प्राधिकरणाकडे येतो. त्या टप्प्यावर तरी जनसुनावणीची अट तुम्ही घालावी. पाइप आणि इमारत यांचे अर्ज वेगवेगळे स्वीकारू नयेत.

डहाणूची आठवण इथे करून देतो. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी 2019 मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्षपद सांभाळले. खाडीकाठी 500 मेगावॉटचे केंद्र होते, पण त्याच्यावर कोणाचे तरी सतत लक्ष होते. चिकूवाल्या बागाईतदाराला, वारली शेतकऱ्याला, मच्छीमाराला जाऊन बोलता येईल अशी एक जागा होती. ठाणे खाडीला अशी जागा नाही. खरे तर तिचा मान मोठा आहे. 2015 पासून इथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, सुमारे 1,690 हेक्टरचे, आणि 2022 मध्ये खाडी रामसर स्थळ झाली, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवन तोडणे हे जगण्याच्या हक्काचे उल्लंघन आहे असे म्हटले आणि कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितले. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, ज्या चिखलावर जगतात, त्यातले शेवाळ आणि बारीक जीव पाण्याच्या उष्णतेवरच वाढतात आणि मरतात. पक्ष्यांसाठी बोर्ड लावायचे आणि त्यांच्या ताटात गरम पाणी सोडायचे, असे होऊ देऊ नका.

मग डेटा सेंटरनी काय करावे? नुसते नको म्हणून मी थांबणार नाही.

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या केंद्रांसाठी पाणी हाताशी आहे. नवी मुंबई महापालिका कोपरखैरणे आणि ऐरोली इथल्या केंद्रांत सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करते आणि ते उद्योगांना देण्यासाठीच आहे. कूलिंग टॉवरला ते चांगले चालते. बारवीचे पाणी डेटा सेंटरच्या टॉवरला द्यायचेच नाही आणि हे शुद्ध केलेले पाणीच घ्यायचे, एवढी एक अट एमआयडीसीने घातली तरी खाडीकडे बघण्याचे निम्मे कारण संपते. मला नवल वाटते, की समुद्राच्या पाण्याच्या गप्पा जितक्या रंगतात तितक्या या पाण्याच्या रंगत नाहीत. शहराचे सांडपाणी दिवसरात्र येतच राहणार आहे आणि त्याला ना जेलीफिश ना भरती-ओहोटी.

आणि समुद्रच हवा असेल, तर उघडा समुद्र घ्या आणि जुनी तोंडे वापरा. हामिना आणि सिनेस यांचा खरा धडा मला हाच दिसतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खारे पाणी घेणारी पंपघरे आधीच आहेत. मुंबईत ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र आहे, सायरस आणि ध्रुव या अणुभट्ट्या तिथेच खाऱ्या पाण्याच्या जोरावर चालल्या. तारापूरला 1969 पासून अरबी समुद्राचे पाणी घेतले जाते. रत्नागिरीत जयगडला आहे. कोळशाचे संच आज ना उद्या बंद होतील. त्यांच्या पंपघरांची, कालव्यांची, जाळ्यांची यादी आजच करा. एखादा 500 मेगावॉटचा संच बंद झाल्यावर त्याच्या जागी 100 मेगावॉटचे डेटा सेंटर आले, तर तिथल्या समुद्रात जाणारी उष्णता पूर्वीपेक्षा कितीतरी कमी होईल. कारण कोळशाचा संच जेवढी वीज बनवतो, त्याहून जास्त उष्णता पाण्यात सोडतो. तिथल्या मच्छीमारांनाही हा बदल मान्य व्हायला कारण राहील, अर्थात त्यांना आधी विचारले तर. सोडणारा पाइप मात्र काठाशी संपवू नका. वरळी आणि वांद्र्याला मुंबईचे सांडपाणी बोगद्यांतून तीन किलोमीटरहून अधिक आत नेऊन सोडले जाते. घाणीसाठी आपण हे करू शकलो, तर उष्णतेसाठी का नाही?

जैतापूरचे नाव इथे घेतले नाही तर पत्र अपुरे राहील. तिथे प्रत्येकी सुमारे 1,700 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या नियोजित आहेत. 7 अंशांच्या वाढीने हिशेब केला, तर सेकंदाला सुमारे 600 घनमीटर पाणी फिरेल. साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी ज्या प्रश्नांसाठी मोर्चे काढले, त्यांत हे पाणी होते. त्या मानाने डेटा सेंटरचा आकडा लहान दिसतो, आणि लहान दिसतो म्हणूनच तो एकेका अर्जातून, एकेका पाइपाने खाडीत शिरेल अशी मला भीती आहे. दहा अर्ज वेगवेगळे तपासले तर प्रत्येक जण पास होईल. म्हणून खाडीला एकूण किती उष्णता झेपते हे आधी ठरवा, आणि माझ्या मते ऐरोलीच्या वरच्या भागापुरते त्याचे उत्तर शून्य आहे. कॅलिफोर्नियाने 2010 मध्येच किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रांची एकदा फिरवून सोडण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करायचे धोरण आणले, आणि त्यांच्यासमोर तर प्रशांत महासागर आहे.

कंपन्यांतल्या अभियंत्यांना एक वेगळी विनंती आहे. तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे आहात आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेले. प्रस्ताव बनवण्याआधी एकदा चालू वीजकेंद्राच्या फिरत्या जाळीसमोर पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात एक पूर्ण पाळी उभे राहा. टोपलीत काय पडते ते स्वतः वेचून, प्रकारवार मोजून लिहा. तो कागद प्रस्तावाला जोडा.

माझ्याकडे गेल्या चार वर्षांची एक वही आहे. ऐरोलीच्या काठावरून महिन्यातून दोनदा, एकदा उधाणाला आणि एकदा भांगेला, ओहोटीच्या शेवटी मी साध्या काचेच्या तापमापकाने पाण्याचे तापमान घेतो. उपकरण साधे आहे आणि जागा एकच, त्यामुळे तिला शास्त्रीय नोंद म्हणायचा माझा आग्रह नाही. पण या वेळी ओहोटीचेच आकडे आहेत. प्राधिकरणाने किंवा मंडळाने बोलावले तर मी वही घेऊन येईन. आणि तुम्हीच येणार असाल तर अष्टमीच्या ओहोटीला या, त्या कोळीबाबांनी होडी द्यायचे कबूल केले आहे. पन्हाळीत जाणारी ती होडी जेमतेम चौघे बसतील एवढीच आहे, म्हणून किती जण येणार ते आधी कळवावे.

आपला,
एक निवृत्त सीडब्ल्यू अभियंता,
ऐरोली, नवी मुंबई